टॅलाडेगाचा तो फोटो

ऑक्टोबर २०१४ मधला एक फोटो माझ्याकडे अजून आहे. हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये भाजलेलं चिकन, कानात नारिंगी इअरप्लग, आणि माझ्या मागे एका आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, शिडीला बांधलेल्या उंच काठीवर लाल झेंडा, त्यावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे.

आम्ही तेव्हा अलाबामात, बर्मिंगहॅमला राहायचो. टॅलाडेगाचा ट्रॅक तिथून तासाभरावर. ऑफिसमधले म्हणाले इथे राहून नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली गाड्यांची मोठी रेस, नाही बघितलं तर काय बघितलं, म्हणून गेलो. अडीच मैलांपेक्षा लांब ट्रॅक, त्रेचाळीस गाड्या एकदम समोरून जातात तेव्हा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. आणि लोक इतके प्रेमळ की ओळख ना पाळख, हाक मारून प्लेटमध्ये वाढत होते. ज्यांच्या आरव्हीवर तो झेंडा होता त्या काकांनीच माझा फोटो काढून दिला. मला वाटलं कुठल्यातरी टीमचा झेंडा असेल. फेसबुकवर टाकला.

आमच्या टीममधला एक ब्लॅक मित्र त्या दिवशी आला नव्हता. रेसचा एवढा नादी माणूस, कुठला ड्रायव्हर कुठल्या वर्षी कुठे जिंकला हे झोपेत सांगेल, पण "मी टीव्हीवरच बघतो" एवढंच म्हणाला होता. सोमवारी तो माझ्याशी कामापुरतं बोलला, मंगळवारी पण तेच, शेवटी मीच जाऊन विचारलं की माझं काही चुकलं का. त्याने मोबाईलवर माझा फोटो उघडून समोर धरला. म्हणाला, तुला खरंच माहीत नाहीये ना हे काय आहे? मग सांगितलं. त्याचे वडील लहानपणापासून रेडिओवर रेस ऐकायचे, घर ट्रॅकपासून चाळीस मिनिटांवर, आणि अख्ख्या आयुष्यात एकदाही आत गेले नव्हते. या झेंड्यामुळे.

तो कॉन्फेडरेट सैन्याचा लढाईतला झेंडा. गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेतली राज्यं १८६०-६१ मध्ये फुटून निघाली, युद्ध झालं, १८६५ ला हरली. झेंडा फडकवणारे म्हणतात हा आमचा वारसा, पणजोबांची आठवण. मी नंतर बरंच वाचलं या विषयावर, आणि जे समजलं त्याने जास्तच त्रास झाला. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांचा विषय पुढे आणला, त्याला विरोध करायला दक्षिणेतल्या नेत्यांनी वेगळा पक्ष काढला, तेव्हा हा झेंडा पुन्हा जोरात बाहेर आला आणि त्याच सुमारास कॉलेज फुटबॉलच्या स्टेडियममध्ये पण शिरला. म्हणजे मैदानावर तो आला तोच मुळी ब्लॅक लोकांना बरोबरीने बसू द्यायचं नाही या भांडणातून.

मी वानखेडेवर तिरंगा हलवून घसा बसवून घेतलेली बाई आहे. झेंडा हातात आला की शेजारचा अनोळखी माणूस पण आपला वाटायला लागतो, ते सुख मला पक्कं माहितीये. म्हणून त्या मित्राच्या वडिलांचं ऐकल्यावर पोटात कालवलं, कारण तेच सुख तिथे त्यांना बाहेर ठेवून चाललेलं होतं.

मिसिसिपी युनिव्हर्सिटीची गोष्ट बघा, सगळे ओल मिस म्हणतात ते. १९६२ ला जेम्स मेरेडिथ हा पहिला ब्लॅक विद्यार्थी तिथे आला तेव्हा कॅम्पसवर दंगल होऊन दोन माणसं मेली होती. वीस वर्षांनी, १९८२ मध्ये, जॉन हॉकिन्स तिथला पहिला ब्लॅक चिअरलीडर झाला. चिअरलीडरने हा झेंडा घेऊन मैदानात पळायचं ही पद्धत. तो म्हणाला, मी नाही घेणार. किती वर्षांचं पोर असेल ते, आणि अख्खं स्टेडियम समोर! पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीने झेंड्याशी अधिकृत संबंध तोडला, पण प्रेक्षकांच्या हातातून तो जाईना, आणि सरकारी युनिव्हर्सिटी असल्यामुळे झेंड्यावरच बंदी घातली तर अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा प्रश्न. मग १९९७ मध्ये त्यांनी स्टेडियममध्ये काठ्या आणायलाच बंदी केली. सुरक्षेच्या नियमात बसवून. काठी नाही तर एवढा मोठा झेंडा फडकवणार कसा? कोर्टात पण हा नियम टिकला. मला ही युक्ती फार आवडते, आणि वाईट पण वाटतं, की सरळ शब्दात सांगायची सोय नव्हती.

नॅस्कारने आधी विनंती करून बघितली. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ ब्लॅक लोकांना गोळ्या घातल्या गेल्या, खुन्याचे या झेंड्यासोबतचे फोटो जगाने बघितले, त्यानंतर डेटोनाच्या ट्रॅकवर प्रेक्षकांना सांगितलं की हा झेंडा द्या, बदल्यात अमेरिकेचा घ्या. फार कुणी दिला नाही. विनंतीने तो झेंडा खाली येत नव्हता. जून २०२० मध्ये बब्बा वॉलेस, सगळ्यात वरच्या सिरीजमधला पूर्णवेळ खेळणारा एकमेव ब्लॅक ड्रायव्हर, टीव्हीवर स्पष्ट बोलला की हे झेंडे काढा, आणि दोन दिवसांनी, १० जूनला, बंदी आली. त्याच महिन्यात टॅलाडेगाच्या वरून कुणीतरी तो झेंडा विमानामागे बांधून फिरवला. वॉलेस स्वतः अलाबामातलाच, मोबीलचा. त्याच्याच मातीत त्याच्या डोक्यावरून.

मला राग याचा येतो की दरवेळी ज्याला सगळ्यात जास्त लागतं त्यालाच उठून बोलावं लागतं, एकट्याला. हॉकिन्सला, वॉलेसला. बाकी हजारो लोकांना माहीत असतं, त्यातले कितीतरी मनाने चांगले असतात, माझ्या प्लेटमध्ये वाढणारे असतात, पण शेजारच्याला म्हणत नाहीत की बाबा काढ ते. मी पण नाही म्हटलं. नंतर माहीत झाल्यावर सुद्धा त्या काकांना मेसेज करू शकले असते, नंबर होता. नाही केला.

ऑक्टोबर २०२१ ला वॉलेस टॅलाडेगालाच जिंकला. पावसामुळे रेस सोमवारवर गेलेली, ती पण पूर्ण झाली नाही, पण जिंकला. त्याआधी या सिरीजमध्ये ब्लॅक ड्रायव्हर जिंकलेला तो १९६३ मध्ये, वेंडेल स्कॉट, आणि त्याला त्या दिवशी ट्रॉफी पण दिली नव्हती, आधी दुसऱ्यालाच विजेता ठरवला होता. माझा मित्र फोनवर रडत होता, मला आधी वाटलं काहीतरी वाईट झालं.

पुढच्या एप्रिलला आम्ही दोघं गेलो. रस्त्यावर दोन ट्रकवर तो झेंडा होता, गाडीत कुणी काही बोललं नाही. आत गेल्यावर मात्र आरव्हींच्या रांगेत तो बराच वेळ नुसता वर बघत चालला होता, एकेका काठीकडे. मला तरी एकही दिसला नाही. मग त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरून ट्रॅककडे फिरवला. इंजिनांच्या आवाजात त्यांना आमचं एक अक्षर कळत नव्हतं, आम्हाला त्यांचं कळत नव्हतं, तरी ते फोन ठेवत नव्हते.