वेटिंग रूममधले ससाणे

आईला अबू धाबी दाखवायचं म्हणजे मशीद, मॉल आणि समुद्र. आज मात्र तिला ससाण्यांच्या हॉस्पिटलात नेलं. १९९९ पासून चालू असलेलं खरंखुरं हॉस्पिटल! वेटिंग रूममध्ये दांड्यांवर पेशंट ओळीनं बसलेले, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. इथे त्या टोपीला 'बुरखा'च म्हणतात. डोळे झाकले की पाखरू एकदम शांत. आई म्हणाली, "लग्नातल्या वऱ्हाडापेक्षा शिस्तीत बसलेत की रे."

मग एकाला गॅस देऊन झोपवलं. वाढलेली नखं घासली. पंखातलं एक पीस तुटलेलं. ड्रॉवर उघडला तर आत पिसंच पिसं! त्यातलं मापाचं, रंगाचं पीस निवडलं आणि बारीक काडी घालून जुन्या देठात चिकटवलं. मी तर बघतच राहिलो.

वाळवंटात भटकणाऱ्या बेदुईन अरबांसाठी ससाणे पाळणं ही मुळात हौस नव्हती, पोटाची सोय होती. शरदात स्थलांतर करणारा ससाणा पकडायचा, काही आठवड्यांत माणसाळवायचा, हिवाळाभर त्याच्याकडून होबारा (आपल्या माळढोकाचा भाऊबंद) मारून घ्यायचा आणि वसंतात सोडून द्यायचा. आता ससाण्यांना पासपोर्ट असतात! आपल्याकडे चालुक्य राजा सोमेश्वराच्या १२ व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकरवी शिकारीचा खेळ, आहेच.

शेवटी आईनं हातमोजा चढवून ससाणा घेतला. जेमतेम किलोभराचा जीव. मादी होती, नरापेक्षा मोठी, म्हणून शिकारीला तिलाच मान. टोपी काढली, तशी तिनं मान वाकडी करून आईकडे पाहिलं.

परतताना आई गाडीत गप्प. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तिला खायला काय देतात रे?"

"लावे."

पुन्हा गप्प.