पावसातली सबील

२०२५ च्या आषाढी एकादशीला दुपारी जे. जे. रुग्णालयातल्या एका नातेवाइकाला भेटून मी डोंगरीतून सँडहर्स्ट रोड स्थानकाकडे चालले होते, तेव्हा सबीलवरच्या, म्हणजे मोहरममध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकट पाणी-सरबत पाजणाऱ्या मंडपातल्या, काळ्या सदऱ्यातल्या एका मुलाने थेट माझ्या छत्रीखाली हात घालून गुलाबी सरबताचा कागदी पेला पुढे केला. वर पाऊस, पायाखाली चिखल आणि हातात बर्फ घातलेले दुधाचे सरबत. त्यात सब्जा टम्म फुगलेला. दूध चालते, साखर चालते. सब्जा उपवासाला चालतो की नाही, हे भर रस्त्यात विचारायचे कोणाला? साबुदाणा चालतो तर हाही चालावा, असे ठरवून मी ते पिऊन टाकले.

त्या दिवशी, ६ जुलैला, मोहरमची दहावी तारीख म्हणजे आशुराही होता. आदल्या वर्षीही १७ जुलैला हे दोन्ही दिवस असेच एकत्र आले होते. चंद्र एकच, पण आपण दर अडीच-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून त्याला पुन्हा ऋतूंच्या दावणीला आणून बांधतो, आणि हिजरी सन त्याला मोकळा सोडतो. त्यामुळे वारकरी कायम पावसातच चालतात आणि मोहरम मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठाने ही सोबत मोडली. शेजारच्या भेंडीबाजारातल्या बोहरी मंडळींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे पंचांग आकडेमोडीवर चालत असल्यामुळे त्यांचा मोहरम एक-दोन दिवस आधीच लागतो.

पावसात सबीलवाल्यांनी गरम चहा द्यावा, असे माझे जुने मत आहे. थंडीत मोहरम आला की चहा किंवा गरम दूध मिळते, मग पावसाने काय घोडे मारले आहे? अर्थात, सबील ही पिणाऱ्याच्या सोयीसाठी नसतेच. सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात मोहरमच्या सातव्या तारखेपासून प्रेषित मुहम्मदांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांचे फुरात नदीचे पाणी तोडले गेले. पाणी आणायला गेलेल्या अब्बास यांचे, हुसेन यांच्या सावत्र भावाचे, हात छाटले गेले. त्यांच्या नावाच्या अलमला, म्हणजे मोहरमच्या निशाणाला, आजही लहानशी मश्क, पाण्याची कातडी पिशवी, टांगलेली असते. त्या तहानेपोटी ही सबील लागते, तेव्हा आभाळ कोसळत असले तरी देणारा ‘तहान आहे का’ असे विचारत नाही.

मी पहिली सबील पाहिली ती १९९७ च्या मे महिन्यात. वर्षाच्या मसाल्याची मिरची घ्यायला आई मला मस्जिद बंदरला घेऊन गेली होती. परतताना तिच्या दोन्ही हातांत बेडगीच्या पिशव्या होत्या, मी शिंकून शिंकून बेजार झाले होते आणि ऊन असे की डांबर चपलेला चिकटत होते. मंडपात पाण्याच्या बादलीत बुडवलेले स्टीलचे पेले होते. आईने पिशव्या पायांत धरल्या, पेला ओठांपासून वीतभर उंच धरला आणि एक थेंब न सांडता वरून धार लावून तो रिकामा केला. सरबत वाटणारे म्हातारेबाबा जग हातात धरून तसेच बघत राहिले. मग ‘मौसी, और लो’ म्हणत त्यांनी न विचारता तो पुन्हा भरला. मला तसे वरून पिता येत नव्हते, त्यामुळे घरी जाईपर्यंत फ्रॉकवर गुलाबी नकाशा झाला होता.

जवळच इमामवाडा रस्त्यावर मुघल मशीद आहे. शिराझहून आलेले व्यापारी हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी ती १८६० साली बांधली. तिला घुमट नाही. निळ्या इराणी फरशांचे दर्शनी अंग, दोन मनोरे आणि आत हौद. एरवी हौदाच्या काठावर नमाज आटोपलेली चार वयस्कर माणसे घरी जायची घाई नसल्यासारखी बसलेली असतात. मोहरमच्या दिवसांत मात्र मीरा रोडला, मुंब्र्याला राहायला गेलेली कुटुंबेही या मोहल्ल्यात परततात. मजलिस, म्हणजे करबलाची शोकसभा, संपल्यावर तबर्रुकाची, म्हणजे प्रसादाची पुडी हातात घेऊन बायका दाराशी घोळका करून उभ्या राहतात आणि कोणाच्या मुलीचे ठरले, कोणाचा गुडघा बदलला, याचा वर्षभराचा हिशेब तिथे पुरा होतो. मशिदीत माणसे प्रार्थनेसाठी जातात हे खरेच, पण प्रार्थनेनंतर जो अर्धा तास ती रेंगाळतात त्यावर मोहल्ला टिकून असावा, असे मला वाटते.

त्या एकादशीला एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. पेला टाकायला पिंप शोधत होते तेव्हा जग भरणाऱ्या एका काकांना, ‘आप भी लीजिए ना,’ असे मी सहज म्हटले. ‘फाका है, असर तक,’ एवढेच बोलून ते पुढच्या माणसाकडे वळले. आशुराच्या दिवशी शिया मंडळी रीतसर रोजा धरत नाहीत. अनेक जण दुपार टळेपर्यंत नुसते अन्नपाण्यावाचून राहतात. म्हणजे मी सब्जाचा कीस काढत होते आणि सकाळपासून घोटभर पाणी न प्यालेला माणूस समोर उभा राहून मला सरबत देत होता.

२०३० च्या सुमारास मोहरम पुन्हा मे महिन्यात येईल. मसाला मात्र आता आम्ही तयारच आणतो.