आमची वाटचाल : बॅकअप आठ वेळा, मग एकदाही नाही

फर्म सुरू केली तेव्हा आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही एकच काम येत होतं, दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचं. नोकरीत जे करतोय तेच स्वतःच्या नावावर करायचं, एवढाच बेत. 'सोलॅरिस १०' ही सन कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम जानेवारी २००५ मध्ये आली होती आणि तिच्यातल्या झोनचं आम्हाला भलतंच कौतुक. एकाच मशिनवर, एकाच कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) वेगवेगळी बिऱ्हाडं थाटायची. प्रत्येकाचे युजर वेगळे, आयपी वेगळा, रूट पासवर्ड वेगळा. त्यातही 'स्पार्स' झोन घेतला तर यूएसआर, लिब, एसबिन आणि प्लॅटफॉर्म या सिस्टिमच्या डिरेक्टऱ्या ग्लोबल झोनच्याच, म्हणजे मशिनच्या मुख्य सिस्टिमच्याच; लूपबॅक माउंटने (तीच जागा दुसऱ्या रस्त्याने जोडून) आत दिसायच्या, फक्त वाचण्यापुरत्या. त्यामुळे एक झोन साधारण १०० एमबीत उभा राहायचा. डिस्क महाग होती आणि आम्ही गरीब होतो. दुसरा विचार कोण करणार?

पहिल्या मोठ्या ग्राहकाचे सात झोन एका मशिनवर बसवले. वेब, ॲप्लिकेशन, डेटाबेस, रिपोर्ट, चाचणीचे वगैरे. लोकांनी अपलोड केलेल्या फायली जवळजवळ सगळ्यांनाच लागायच्या. त्या काळी साध्या झोनला एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटणारा, होता येत नसे, म्हणून फायलींची वेगळी फाइल सिस्टिम ग्लोबल झोनमध्ये ठेवली आणि सातही झोनमध्ये लूपबॅकने माउंट केली. सुटसुटीत काम झालं. ग्राहकाला आकृती काढून दाखवली तेव्हा तोही खूश.

बॅकअपचा एजंट (प्रती घेणारा प्रोग्राम) ग्लोबल झोनमध्ये बसवला आणि सांगितलं, रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपासून खाली जे दिसेल ते घे. त्याने घेतलं. रात्री एकला सुरू झालेला बॅकअप सकाळी दहाला माणसं कामावर आली तरी चालूच. सुरुवातीला आम्ही टेप ड्राइव्हला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला. शेवटी लॉग उघडून बसलो तेव्हा दिसलं की एकच पीडीएफ आठ वेगवेगळ्या रस्त्यांनी टेपवर गेली आहे: एकदा मूळ जागेवरून आणि सातदा प्रत्येक झोनच्या रूटमधून. ४० जीबीचा ऐवज ३२० जीबी होऊन जात होता. यूएसआरचंही तेच. एजंटचं काही चुकलं नव्हतं. त्याला डिरेक्टरी दिसली, तो आत शिरला.

उपाय एका ओळीचा होता: माउंट पॉइंट, म्हणजे जिथे दुसरी फाइल सिस्टिम जोडली आहे ती जागा, ओलांडू नकोस. ते सेटिंग टाकलं, रूट आणि झोनची फाइल सिस्टिम अशी दोनच नावं यादीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बॅकअप दोन तासांच्या आत संपला. त्या दिवशी आम्ही स्वतःची पाठ बरीच थोपटून घेतली.

पाच महिन्यांनी एक मुलगी आमच्याकडे नवीन रुजू झाली. तिला काम समजावं म्हणून मी एक तक्ता भरायला दिला: डाव्या बाजूला प्रत्येक डिरेक्टरी, समोर ती कोणत्या बॅकअपमध्ये जाते ते. दुपारी ती तक्ता घेऊन आली. अपलोडच्या ओळीसमोर रकाना रिकामा. "सर, हे कोण घेतं?" मी म्हटलं ग्लोबल झोन. भागीदार म्हणाला, छे, ते ॲप्लिकेशन झोनमधून जातं. दोघांनी लॉग पाहिले. माउंट पॉइंट ओलांडू नको म्हटल्यावर एजंटने सात प्रती सोडल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर मूळही, कारण मूळसुद्धा एक वेगळी माउंट केलेली फाइल सिस्टिमच होती. दोन घरचा पाहुणा उपाशी. पाच महिने त्या फायलींची एकही प्रत नव्हती. त्या रात्री आमच्यापैकी कोणी घरी गेलं नाही. नशीब एवढंच की त्या पाच महिन्यांत डिस्कने दगा दिला नाही, आणि ग्राहकाला आम्ही होऊन सांगितलं तेव्हा तो फक्त चिडला.

तेव्हापासून आमच्या तक्त्यात एक रकाना वाढला, 'मालक'. सामाईक फाइल सिस्टिमचा बॅकअप घेणारा मालक एकच, तो म्हणजे ग्लोबल झोन. बाकी सगळे भाडेकरू, त्यांनी तिला हात लावायचा नाही. प्रत्येक झोनने आपापलं एटसी (सेटिंग), व्हार (लॉग, नोंदी) आणि ॲप्लिकेशन बघायचं. झोनचं कॉन्फिगरेशनही एक्सपोर्ट करून बॅकअपमध्ये ठेवायचं; नाहीतर झोनचा डेटा हातात असतो, पण त्याचा आयपी कोणता आणि आत काय काय माउंट होतं ते कोणालाच आठवत नाही.

खरा दणका बसला तो बॅकअप नीट चालू झाल्यावर. ग्राहकाकडच्या कोणीतरी अपलोडमधलं एक आख्खं वर्ष उडवलं. आमच्याकडे प्रत होती, आदल्या रात्रीची. ऐटीत ग्लोबल झोनमधून रिस्टोर केलं, फायली मोजल्या, आकडा जुळला, फोन ठेवला. वीस मिनिटांत फोन परत वाजला: वेबला फायली दिसतात, ॲप्लिकेशनला लिहिता येत नाही, रिपोर्ट बंद. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. प्रत्येक झोनची पासवर्ड फाइल वेगळी. डिस्कवर फाइलच्या मालकाचा नुसता नंबर असतो. ॲप्लिकेशन झोनमध्ये जो १०१, त्याला रिपोर्ट झोनमध्ये दुसरंच नाव. आमचं साधन रिस्टोर करताना नंबराऐवजी नाव पाहत होतं, आणि नावाची नंबराशी जोडी भलतीच लागली. लाखभर फायलींचा मालक बदलला. फायली सगळ्या शाबूत, पण ज्याला हव्यात त्याच्या नावावर एकही नाही. तेव्हापासून रिस्टोर नंबरानेच करतो आणि सामाईक डेटाला हात लावणारे युजर सगळ्या झोनमध्ये त्याच नंबरावर ठेवतो. ग्राहक मात्र दोन महिन्यांनी सोडून गेला. त्याला दोष देता येणार नाही.

झेडएफएस या सनच्या नव्या फाइल सिस्टिमवर आम्ही उशिराच गेलो. ते सोलॅरिस १० मध्ये जून २००६ च्या आवृत्तीत आलं होतं, पण झोनचं रूट त्यावर ठेवायला अधिकृत पाठबळ मिळायला ऑक्टोबर २००८ ची आवृत्ती यावी लागली. आम्हाला त्यातली खरी मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे रिकर्सिव्ह स्नॅपशॉट, म्हणजे खालच्या सगळ्यासकट एका क्षणाचं डिस्कचं चित्र. डेटाबेस झोनमध्ये नोंद पडते की अमुक फाइल आली, आणि फाइल असते सामाईक जागेत. दोघांचा बॅकअप वेगवेगळ्या वेळी झाला तर रिस्टोरनंतर नोंद आहे पण फाइल नाही अशी अवस्था येते. पूर्वी आम्ही आधी डेटाबेस, मग फायली असा क्रम पाळायचो. चार फायली जास्तीच्या आल्या तरी चालतं, कमी पडलेल्या चालत नाहीत. एका पालक डेटासेटखाली (झेडएफएसमधल्या वरच्या फाइल सिस्टिमखाली) सगळं ठेवून रिकर्सिव्ह स्नॅपशॉट घेतला की सगळ्यांचा क्षण एकच येतो, मग तो सेंड करून दुसऱ्या मशिनवर न्यायचा. हा क्षण म्हणजे वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल तेच. डेटाबेस त्यातून उठतो की नाही हे उठवूनच पाहावं लागतं.

२०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सोलॅरिस ११ आलं आणि त्यात स्पार्स झोन राहिलेच नाहीत. आम्हाला थोडं हळहळायला झालं, पण सुटकाही झाली. स्पार्स झोन नव्या मशिनवर उभा करताना यूएसआर त्या मशिनचं, आणि झोनच्या व्हारमधली पॅकेजांची नोंदवही जुन्या मशिनची. पॅच मागेपुढे असले की दोघांचं जमायचं नाही. झोन नव्या मशिनला अटॅच करताना अपडेटचा पर्याय होता म्हणून निभावलं.

तिघांतला एक पुढे नोकरीत परत गेला, भांडण वगैरे काही नाही. आज आम्ही नऊ जण आहोत आणि बहुतेक काम लिनक्सवरच्या कंटेनरचं, म्हणजे झोनच्याच भावकीचं आहे. ग्राहक येतात ते म्हणतात, आमच्याकडे एकच व्हॉल्यूम (डेटाची जागा) पाच कंटेनरमध्ये माउंट आहे, बॅकअप 'बहुतेक' होतोय. मग तोच जुना तक्ता निघतो. तक्त्याचे रकाने आता अकरा झालेत. तो रिकामा रकाना घेऊन आलेली मुलगी आज भागीदार आहे, आणि दर तिमाहीला रिस्टोरची तालीम तीच घेते. कोणती डिरेक्टरी उडाली असं धरायचं ते ती त्याच दिवशी सकाळी ठरवते, आम्हाला आधी सांगत नाही. मागच्या तालमीत तिने तक्त्याचीच फाइल निवडली. ती कोणत्याच बॅकअपमध्ये नव्हती.