बायपासला विरोध कशाला?

‘भरपाई मिळते, गावातली गर्दी कमी होते, मग बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासला विरोध कशाला?’ परत विचारलंत म्हणून लिहितो. खानापूर रोडवरच्या अवजड गाड्यांचा त्रास खोटा आहे, असं शेतकरीही म्हणत नाहीत.

रस्त्याची हद्द ६० मीटर धरली तर किलोमीटरला सहा हेक्टर, म्हणजे जवळजवळ १५ एकर जातात. शिवाय रस्ता शेत तिरपं कापतो आणि मागं त्रिकोणी तुकडे उरतात. त्यात ट्रॅक्टर वळत नाही. भरपाईत बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ असा गुणक लागतो. शहरी हद्दीत फक्त १. पीक तेच, माती तीच! हरकतीला २१ दिवस. उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर पैसे वारसांच्या भांडणात अडकले म्हणून समजा.

पण खरा घोर पाण्याचा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं पाणी बांधाबांधावरून, पसरून बळ्ळारी नाल्याकडं उतरतं. रस्त्याचा भराव घातला की मोऱ्या, म्हणजे पाणी जायला रस्त्याखालून टाकलेले पाइप, बसतात त्या दिसणाऱ्या ओहोळांवर. पसरून येणाऱ्या पाण्याला वाटच उरत नाही. पाइपचा तळ शेतापेक्षा वीतभर वर बसला तर वरच्या अंगाला तेवढं पाणी तुंबून राहतं. खाली बसला तर गाळानं बुजतो. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं कोवळं भात आठ-दहा दिवस शेंड्यासकट बुडालं की कुजलंच. खालच्या अंगाला मोरीतून सुटलेला लोंढा बांध फोडतो. ओल हटत नाही म्हणून मागची मसूर, हरभराही लांबतो. तुकडे पडल्याच्या नुकसानीचं कलम कायद्यात आहे, पण ते ताबा घेतानाचं नुकसान मोजतं. पाणी तुंबतं नंतरच्या पावसाळ्यात.

नाला बायपासच्या आधीपासून तुंबतो, हे तुम्ही ऐकवणार. खरंच आहे, गाळ आणि अतिक्रमणं जुनीच. म्हणून तर शिवार हवं: एकरभर भातात चार इंच पाणी उभं राहिलं तर चार लाख लिटर थोपतं. ते नाहीतर शहराच्या गल्ल्यांत शिरेल.

रस्ता खांबांवर न्या, असं मी ठासून म्हणत आलो. त्याला खर्च कितीतरी जास्त, आणि पुलाच्या सावलीत भात पोसत नाही, हेही दिसतं. तरी म्हणणं सोडलेलं नाही. निदान मोऱ्यांच्या जागा आणि तळाची पातळी जुलैत, शिवारात पाणी उभं असताना, शेतकऱ्याला बांधावर घेऊन ठरवा. मार्चच्या कोरड्या रानात पाण्याची वाट कुणाला दिसणार?