नव्या गाडीचा रंग आणि महामार्गावरची खडी

आमच्या घरी नवी गाडी आल्यापासून ओळखीतली मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म लावून घेतलीच आहे, तर मग संपूर्ण गाडीवर का लावली नाही, हा पहिला प्रश्न. आणि रंगासाठी एवढा खर्च करायचाच कशाला, हा दुसरा. दगड कुठून उडतो, किती जोराने लागतो आणि गाडीच्या नेमक्या कोणत्या भागावर लागतो, हे लक्षात घेतले की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकदमच मिळते. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी रंगाविषयी. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो, त्यावर साधारणपणे प्रायमर येतो, मग आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो थर आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे एका मिलिमीटरच्या सातव्या किंवा दहाव्या हिश्श्याएवढी. लाखो रुपयांच्या वस्तूचे ऊन, पाऊस आणि गंज यांपासूनचे सारे रक्षण एवढ्याशा जाडीवर सोपवलेले असते. क्लिअर कोट उन्हाला आणि पाण्याला चांगला तोंड देतो. मात्र टोकदार दगडाचा नेम धरल्यासारखा आघात झाला, तर तो तडकतो आणि आपल्याखालचे थर सोबत घेऊन उडतो. टवका प्रायमरपर्यंतच गेला असेल, तर गाडी फक्त विद्रूप दिसते. पत्रा उघडा पडला असेल, तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही.

माझ्या मेव्हण्याच्या चार वर्षे वापरलेल्या पांढऱ्या गाडीचे बोनेट मी सकाळच्या तिरप्या उन्हात जवळून पाहिले आहे. बोनेटच्या पुढच्या कडेला, कंपनीच्या चिन्हाच्या थोडे वर, ज्वारीच्या दाण्याएवढा एक टवका उडालेला होता. बोट फिरवले की त्याची कड लागत होती. मध्यभागी तांबूस ठिपका होता आणि त्या ठिपक्याभोवतीचा पांढरा रंग, जो लांबून अगदी धड दिसत होता, तो किंचित फुगलेला होता. नखाने हलकेच दाबल्यावर त्याचा पोपडा सुटला आणि खाली मूळ टवक्याच्या दुपटीहून मोठा गंज निघाला. रंगाखाली पाणी शिरले की गंज असा आडवा पसरत जातो, आणि तो वर दिसू लागेपर्यंत बरेच काम झालेले असते. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे त्यावरचे टवके केवळ दिसायला वाईट. बोनेटची कड, छपराची पुढची कड आणि चाकांच्या कमानी या पत्र्याच्या जागा खऱ्या काळजीच्या.

नाशिककरांना हा त्रास अंमळ जास्त होतो आणि त्याला कारण आहे. आपल्या भागातला दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. कठीण, जड आणि फोडल्यावर धारदार कडा देणारा. सारूळ परिसरातल्या खाणी आणि क्रशर यांच्याकडून खडी व कच भरलेले हायवा, म्हणजे मोठे डंपर, दिवसभर महामार्गावर येत असतात, आणि माझा रोजचा रस्ता विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे असा याच वाहतुकीतून जातो. त्यातच २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीमुळे शहरात आणि आसपास रस्त्यांची कामे सुरू आहेत, म्हणजे खडी वाहून नेणारी वाहने वाढलेली आणि अर्धवट झालेल्या पट्ट्यांवर सुटी खडी पसरलेली. पावसाळ्यात खड्डे बुजवायला टाकलेला मुरूम आणि खडी दोन दिवसांत चाकांखाली येऊन इतस्ततः होते, हे वेगळे सांगायला नको.

येथे सर्वसामान्य समजुतीत थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. ताडपत्री न बांधलेल्या हायवातून खडी सांडते हे खरे आणि ते धोक्याचेही आहे. परंतु आपल्या बोनेटवर येणारे बहुतेक दगड हौद्यातून पडून थेट आलेले नसतात, ते रस्त्यावरून पुढच्या वाहनाच्या टायरांनी उचललेले असतात. ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकतो, काही अंतर तसाच फिरतो आणि मग सुटतो. तो सुटून हवेत असतानाच आपण वेगाने त्याच्यावर जाऊन आदळतो, आणि आघाताच्या जोराचा मोठा हिस्सा आपल्या स्वतःच्या वेगातून येतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेलो, तर वेग दीडपट होतो आणि त्याच दगडाचा आघात सव्वादोनपट होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून अनेक नाशिककर मुंबईला त्या मार्गाने जातात. तिथला काँक्रीटचा रस्ता स्वच्छ असतो, खडी क्वचितच दिसते. पण जो एखादा दगड येतो तो सव्वादोनपट जोराने लागतो, हे मनात असलेले बरे.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे: अंतर. दोन मीटर उंच उडालेला दगड वर जाऊन खाली यायला सुमारे सव्वा सेकंद घेतो. पुढच्या वाहनापासून आपण तीन सेकंदांच्या अंतरावर असलो, तर बहुतेक दगड आपण पोहोचण्यापूर्वी खाली आलेले असतात; एखादा टप्पा घेऊन पुन्हा उसळला, तरी त्याची उंची आणि जोर कमी झालेला असतो. ताशी ८० च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे सुमारे ६५ मीटर. आपल्याकडे एवढी मोकळी जागा ठेवली की कुणीतरी मध्ये घुसतो, ही तक्रार खरी आहे. तसा कुणी घुसला की मी पुन्हा मागे सरकतो. घोटीपर्यंतच्या प्रवासात त्याने जो उशीर होतो, तो घड्याळात शोधावा लागतो. हायवाच्या मागे रेंगाळायचे नाही, त्याला ओलांडायचे असेल तर मोकळी लेन पाहून एकदाच नीट ओलांडायचे, आणि नव्या डांबरीकरणाच्या पट्ट्यावर वेग निम्म्यावर आणायचा, एवढे पथ्य आमच्या घरात गाडी चालवणारे सगळे पाळतात.

आता फिल्मकडे वळतो. पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, या नावाने जी फिल्म मिळते ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची (टीपीयू) असते आणि तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगापेक्षाही जास्त. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळू आणि दगडगोट्यांपासून वाचवण्यासाठी अशी फिल्म वापरात आली, तिथून ती पुढे मोटारींच्या शर्यतींत आणि मग रस्त्यावरच्या गाड्यांवर पोहोचली. तिचे काम समजायला सोपे आहे. ती लवचिक असते, त्यामुळे दगडाचा आघात एका बिंदूवर न राहता आजूबाजूला पसरतो आणि क्लिअर कोट तडकण्याइतका जोर खालपर्यंत पोहोचत नाही. चांगल्या फिल्मच्या पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. आपल्याकडचे एप्रिलचे ऊन त्याला पुरेसे आहे. धारदार दगडाने फिल्मच फाटली, तर ती जागा मात्र भरून येत नाही, तो भाग बदलावा लागतो. पीव्हीसीची स्वस्त फिल्मही याच नावाने विकली जाते. ती लवकर पिवळी पडते, कडक होते आणि काढताना गोंद मागे ठेवते. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला ‘टीपीयू आहे का?’ एवढे स्पष्ट विचारावे आणि रोलचे खोके उघडताना समोर उभे राहावे.

सिरॅमिक कोटिंगविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे, आणि तो विकणाऱ्यांनीच वाढवला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हे कोटिंग उपयोगाचे नाही असे नव्हे. त्यामुळे पाणी थेंबांनी घरंगळते, चिखल आणि पक्ष्यांची विष्ठा सहज निघते, चकाकी टिकते. परंतु त्याचा थर मोजक्या मायक्रॉनांचा असतो. जो दगड शंभरांहून अधिक मायक्रॉनांचा रंग उडवतो, त्याला एवढा पातळ थर काय अडवणार? शोरूममध्ये गाडीसोबत गळ्यात मारले जाणारे टेफ्लॉन कोटिंगही खडीपासून बचाव करीत नाही. दगडांच्या भीतीने कुणी यावर पैसे खर्च करू नयेत.

फिल्म लावायची, पण कुठे? पुढून येणारा दगड बंपर, बोनेट, दिव्यांच्या आसपासचा भाग, पुढचे फेंडर, आरशांची पाठ आणि काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब येथे लागतो. दुसरे दगड आपल्याच पुढच्या चाकांनी उडवलेले असतात आणि ते दारांच्या खालच्या पट्टीवर व मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या कडेवर बसतात. छताचा मधला भाग, डिकी आणि दारांचा वरचा भाग यांना खडी क्वचितच लागते. मला मिळालेल्या दरांनुसार संपूर्ण गाडीला लाखाच्या वर खर्च येत होता आणि पुढच्या भागाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दुकानातला तरुण आग्रहाने म्हणाला, “साहेब, फुल बॉडी करून टाका, टेन्शनच नको.” मी त्याला मागच्या कमानींच्या कडेला दोन पट्ट्या वाढवायला सांगितल्या आणि बाकीचा आग्रह नम्रपणे नाकारला. चारही चाकांना मडफ्लॅप बसवून घेतले. त्यांचा खर्च फिल्मच्या मानाने नगण्य आणि उपयोग रोजचा आहे. समोर लोखंडी गार्ड बसवण्याचा सल्लाही एका नातेवाइकांनी दिला होता. असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेले आहे. शिवाय अपघातात ते एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतात आणि पादचाऱ्याला जास्त इजा करतात, त्यामुळे तो विचार मी केलाच नाही.

कारखान्यातला रंग भट्टीत साधारण १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का केलेला असतो, म्हणून नव्या गाडीवर फिल्म लावायला थांबावे लागत नाही. जो भाग वर्कशॉपमध्ये पुन्हा रंगवला आहे, त्याला मात्र काही आठवडे वाळू द्यावे लागते, आणि फिल्म पुढे कधी काढताना तिथला रंग तिच्याबरोबर निघण्याची शक्यता राहते. नवी गाडीसुद्धा वाहतुकीत घासली जाऊन शोरूममध्ये रंगवली गेलेली असू शकते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र गाडीची सखोल सफाई-पॉलिश करणाऱ्या बहुतेक डिटेलिंगवाल्यांकडे असते. पत्र्याच्या एखाद्याच भागावर आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला, तर शंका घ्यावी. गाडी ताब्यात घेण्याआधी पॉलिश करू नका, असे मी शोरूमला लेखी कळवले होते, कारण घाईच्या पॉलिशने पडलेली वर्तुळे फिल्मखाली कायमची बंद होतात.

फिल्म बसवण्याचे काम मी पूर्णवेळ उभे राहून पाहिले आणि प्रत्येकाने ते पाहावे असे सुचवतो. गाडी धुऊन, मातीसारख्या मऊ क्ले बारने चोळून पृष्ठभाग अगदी गुळगुळीत केला गेला. मग बोनेटवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर बेबी शाम्पू मिसळलेले पाणी भरपूर फवारले, त्यामुळे फिल्म सरकवून जागेवर आणता आली. त्यानंतर रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ओढत नेले, आणि बोनेटच्या कडेला फिल्म थोडी जास्त ठेवून, हीट गनची ऊब देत ती आतल्या बाजूला दुमडून घेतली. हे दुमडणे महत्त्वाचे आहे. कड पत्र्याच्या काठावरच संपली, तर तिथे धूळ बसून काळी रेघ तयार होते आणि काही महिन्यांत कड उचकटते, शिवाय बोनेटच्या ज्या काठावर दगड सर्वांत जास्त लागतात तोच उघडा राहतो. फिल्म संगणकाने आधीच कापलेली असावी, असा आग्रह धरावा. गाडीवर ठेवून ब्लेडने कापणारा कारागीर कितीही सराईत असला, तरी ब्लेडची रेघ क्लिअर कोटमध्ये उतरू शकते. पहिले काही दिवस पाण्याचे बारीक फुगे दिसतात, ते आपोआप जातात. आठवडाभर गाडी धुवायची नाही आणि पुढेही वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याचा फवारा फिल्मच्या कडेवर रोखू द्यायचा नाही.

एवढे करूनही उघड्या भागावर टवके उडतीलच. त्यासाठी विम्याचा दावा करणे बहुधा परवडत नाही: पहिल्या वर्षी दावा केला नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो जातो, आणि दाव्यातून इंजिनच्या क्षमतेनुसार १,००० किंवा २,००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. टचअपची बाटली घरी ठेवणे उत्तम. गाडीवरच्या कंपनीच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्याप्रमाणेच रंग मागवावा. डोळ्यांनी जुळवलेला पांढरा कधीच जुळत नाही. टवका स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडा करून, गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरने तेवढ्यापुरता काढून, पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमर आणि मग दातकोरणीच्या टोकाने रंगाचे पातळ थर, प्रत्येक थर वाळू देत, भरायचे. एकाच जाड थेंबात काम उरकले, तर तो आत नीट वाळत नाही आणि पुढे सुटून येतो.

हे काम करायला आमच्याकडे मे महिना योग्य. हिवाळ्यात निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा रंग कडक झालेला असतो आणि टवके जास्त सहज उडतात. जूनमध्ये इगतपुरी-घोटीकडचा पाऊस सुरू झाला की त्यांत पाणी शिरते. म्हणून मधल्या महिन्यांत, एखाद्या रविवारी सावलीत गाडी उभी करून, बोनेटपासून मागच्या कमानींपर्यंत बोट फिरवत तपासणी करावी, आणि फिल्मची एखादी कड उचकटलेली आढळल्यास तिचा फोटो काढून वॉरंटीच्या कागदासह लगेच दुकानात दाखवावी, कारण पाऊस लागल्यानंतर तिथे शिरलेला चिखल निघत नाही आणि तो भाग नवा लावावा लागतो.