काळ्या ऑलिव्हमधले लोह आणि बीफमधले लोह

गेल्या हिवाळ्यात रक्ततपासणीत माझे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, बरेच कमी आले. त्या संध्याकाळी मी अमेरिकेच्या कृषी खात्याचे पोषणतक्ते उघडून बसले. मी शाकाहारी आहे, माझा नवरा बीफ खातो, आणि आम्ही राहतो ते स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये, जिथे उपाहारगृहात बसले की जेवणाआधी ऑलिव्हची बशी समोर येते. तक्त्यात 100 ग्रॅम डबाबंद काळ्या ऑलिव्हमध्ये 3.3 मिलिग्रॅम लोह दिले होते, तर 15 टक्के चरबी असलेल्या बीफच्या शिजवलेल्या 100 ग्रॅम खिम्यात सुमारे 2.6 मिलिग्रॅम. मला हायसे वाटले, आणि महिनाभर मी रोज संध्याकाळी चहाबरोबर मूठभर काळे ऑलिव्ह खात राहिले.

पुढे एकदा तोच तक्ता चाळताना हिरव्या ऑलिव्हची ओळ नजरेस पडली. तिथे लोह होते जेमतेम 0.5 मिलिग्रॅम. फळ तेच, मग लोहात सहापटींहून अधिक फरक कसा, हे कोडे मला सुटेना. उत्तर स्वयंपाकघरातच होते. काळ्या ऑलिव्हच्या बरणीवर अगदी बारीक अक्षरांत घटक छापलेले होते: ऑलिव्ह, पाणी, मीठ आणि शेवटी ‘फेरस ग्लुकोनेट, ई-579’, म्हणजे लोहाचाच एक क्षार.

बाजारात मिळणारे एकसारखे काळेभोर, गुळगुळीत ऑलिव्ह बहुधा झाडावर काळे झालेलेच नसतात. ओखिब्लांकासारख्या जातीची फळे पूर्ण पिकण्याआधीच तोडतात, त्यांतल्या ओल्युरोपीन या द्रव्याचा कडूपणा घालवण्यासाठी ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात आणि मग पाण्यात हवा सोडून काळी करतात. हा रंग पुढे फिका पडू नये म्हणून लोहाचा क्षार घालतात. सेव्हिलच्या पद्धतीचे, मांझानिया जातीचे हिरवे ऑलिव्हसुद्धा कॉस्टिक सोड्यातून जातात. पण नंतर ते मिठाच्या पाण्यात कित्येक आठवडे आंबवले जातात आणि त्यांना रंग पक्का करणाऱ्या क्षाराची गरज पडत नाही. म्हणजे तक्त्यातले ते 3.3 मिलिग्रॅम मुख्यतः फळाचे नव्हते, कारखान्यात घातलेले होते.

हे लोह खोटे आहे असे मी म्हणणार नाही. रक्तक्षयावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतही फेरस ग्लुकोनेटच असते. फरक आहे तो प्रमाणाचा: 300 मिलिग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 35 मिलिग्रॅम लोह मिळते, तर दहा काळ्या ऑलिव्हमधून, म्हणजे साधारण 40 ग्रॅममधून, सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय मांसातल्या लोहाचा बराच भाग हीम स्वरूपात, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तशा रूपात असतो. तो शरीरात अधिक सहजतेने शोषला जातो आणि सोबत काय खाल्ले याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. वनस्पतींतले किंवा वरून घातलेले लोह हीमविरहित असते. चहातील टॅनिनमुळे त्याचे शोषण घटते आणि ‘क’ जीवनसत्त्वामुळे वाढते. मी तर ते नेमके चहाबरोबरच खात होते.

प्रथिनांच्या बाबतीत तुलनेला जागाच नाही. त्याच 100 ग्रॅम खिम्यात सुमारे 26 ग्रॅम प्रथिने असतात आणि ऑलिव्हमध्ये एक ग्रॅमच्या आसपास. बीफमधून सुमारे 6 मिलिग्रॅम जस्त मिळते आणि बी-12 जीवनसत्त्वाची प्रौढ माणसाची जवळजवळ दिवसभराची गरज भागते, तर ऑलिव्हमध्ये बी-12 मुळीच नसते. ऑलिव्हच्या बाजूने आहेत ते सुमारे 3 ग्रॅम तंतुमय पदार्थ, ‘ई’ जीवनसत्त्व आणि फळातली फिनॉल वर्गातली द्रव्ये.

चरबीची गोष्ट मात्र मला सर्वांत मनोरंजक वाटते. ओलेइक आम्लाला त्याचे नाव ऑलिव्हच्या तेलावरून मिळाले आहे. पण बीफच्या चरबीतही हे आम्ल भरपूर असते. 100 ग्रॅम काळ्या ऑलिव्हमध्ये एकअसंतृप्त चरबी (ओलेइक आम्ल याच प्रकारातले) 8 ग्रॅमच्या जवळपास असते, तर त्या खिम्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास. खरा फरक आहे तो संतृप्त चरबीचा: ऑलिव्हमध्ये दीड ग्रॅमहून कमी आणि खिम्यात सुमारे 6 ग्रॅम. संतृप्त चरबी थंडीत लवकर गोठते, आणि हा फरक मी घरी डोळ्यांनी पाहते. नवऱ्याने रात्री खिमा परतलेला तवा तसाच राहिला, तर सकाळी त्याच्या कडेने पांढरा, मेणासारखा थर जमलेला असतो आणि तो गरम पाण्याशिवाय निघत नाही. शेजारच्या वाटीतले ऑलिव्हचे तेल त्याच थंडीत वाहते असते.

असे असले तरी ऑलिव्हला सरसकट निर्दोष ठरवणे मला पटत नाही, कारण त्यात मीठ फार असते. 100 ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये दीड हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. मीठ न घातलेल्या बीफमध्ये ते शंभरही नसते. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला, म्हणून आमच्या घरी बीफ आठवड्यातून एकदाच येते.

मुळात 100 ग्रॅमला 100 ग्रॅम हे मोजमापच इथे फसवे आहे. खिमा माणूस ताटभर खातो आणि ऑलिव्ह पाच-सहा. आपण लोणच्याची तुलना वरणाशी करत नाही, तसेच हे आहे. माझ्या ताटात बीफची जागा ऑलिव्ह घेऊ शकत नाहीत, ती मसूर, हरभरा, दही आणि पनीर यांनी घ्यायला हवी. आता मी मसुरीच्या आमटीवर लिंबू पिळते, चहा जेवणापासून दोन तास लांब ठेवते आणि बी-12 ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेते. ऑलिव्ह अजूनही रोज खाते, पण ते हिरवे मांझानिया, तासभर साध्या पाण्यात ठेवून मीठ थोडे उतरवलेले, आणि केवळ चवीसाठी.