मानखुर्दच्या मावशी आणि आमचा 'मेन मोड'

वाहतूक नियोजनात घरोघरी सर्व्हे करावा लागतो, काल कुठे गेलात, किती वाजता, कशाने, किती पैसे लागले वगैरे. टॉवरवाले वॉचमनकडूनच परत पाठवतात आणि ट्रॅफिकवर सगळ्यात जास्त तेच बोलतात, बाकी वस्त्यांमध्ये मात्र पाणी देऊन बसवतात. भरून आलेले फॉर्म तपासायला मी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये गेले होते. लोकलचे ट्रॅक वाढवायला, म्हणजे एमयूटीपी या मुंबईच्या वाहतूक प्रकल्पासाठी रुळांकडेच्या झोपड्या उठवल्या, त्यातली बरीच कुटुंबं इथे आणून वसवलीत.

एका मावशींचा फॉर्म हातात होता. स्वयंपाकाची कामं घाटकोपरला. घरून चालत स्टेशन, हार्बरने कुर्ला, तिथे पूल चढून सेंट्रलची गाडी, उतरून पुन्हा चालत तीन घरं, येताना भाजी. आमच्या सर्व्हेच्या पोराने लिहिलेलं, उद्देश नोकरी, मेन मोड म्हणजे मुख्य साधन ट्रेन. नियमाने बरोबरच आहे, कारण एका ट्रिपमध्ये ट्रेन आणि चालणं दोन्ही असलं की ट्रेनच धरतात, चालणं आत गडप. तीन घरांमधली पायपीट तर जवळची म्हणून लिहिलीच नव्हती.

सहज विचारलं, आधी कुठे राहायचात?

"घाटकोपरलाच, रुळालगत. तेव्हा चालतच जायचे ना ताई, पोरं शाळेतून यायच्या आत मी घरी."

हे काही डोक्यातून जात नाहीये. 2008 च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातच दिसलेलं की मुंबई महानगर प्रदेशात निम्म्याहून जास्त ट्रिपा पायीच होतात, तरी कोण कशाने जातं याची टक्केवारी काढताना पायी ट्रिपा बाजूला ठेवून फक्त वाहनांच्या धरायची सवय सुटत नाही. म्हणजे घर कामाजवळ होतं तेव्हा मावशी हिशोबातच नव्हत्या, आणि घर लांब गेल्यावर थेट सार्वजनिक वाहतुकीच्या खात्यात जमा! तो आकडा वाढला की आपण शाश्वत वाहतूक म्हणून दाखवतो, त्यातले किती जण असे लांब फेकले गेलेत ते कोण बघणार?

टीम लीडरला सांगितलं तर म्हणे एका केसवरून काही ठरत नाही, क्लायंटने मागितलेलंही नाही. अहो पण आधीचं घर कुठे होतं हा प्रश्नच फॉर्मात नाही, तर दुसरी केस दिसणार कशी? पुनर्वसन वसाहतींमध्ये तेवढा एक प्रश्न परत जाऊन विचारू द्या म्हणून मी मागे लागलेय, आणि पायी ट्रिपांसकट टक्केवारीचा वेगळा तक्ता पण हवाय. तक्ता परिशिष्टात टाकू, इथवर बोलणं आलंय.